जुन्या भिंतीत बघण्यासारखं काय असतं, आणि ते बघायचं कसं?

वाटसरू:
रोजच्या रस्त्याला विटांची एक जुनी, लांब भिंत आहे. शेवाळ, भेगा, मधेच गिलाव्याची ठिगळं. लांब कुठे जाण्यापेक्षा हीच नीट बघावी असं मनात आहे, पण समोर उभं राहिलं की दोन मिनिटांत सगळं बघून झाल्यासारखं वाटतं. सुरुवात कुठून करू? काही साधन लागेल का?

वीटकाम:
आधी वेळ बदला. ऊन समोरून पडलं की उंचसखलपणा दिसतच नाही. ऊन भिंतीला घासून जातं तेव्हा या. ही वेळ भिंतीच्या दिशेवर ठरते. तसं ऊन येतच नसेल, तर अंधार पडल्यावर टॉर्च भिंतीलगत धरून उजेड आडवा सोडा. झिजलेली अक्षरं, गिलाव्याचे फुगवटे, बुजवलेल्या खिडक्या लगेच उठून दिसतात.

मग विटांचे थर बघा. एका थरात सगळ्या विटांची लांब बाजू आणि पुढच्या थरात सगळ्यांची अरुंद बाजू दिसली, तर तो इंग्लिश बाँड (बाँड म्हणजे विटा रचायची पद्धत). एकाच थरात दोन्ही आलटून पालटून असतील तर फ्लेमिश. अरुंद बाजू दिसणारी वीट भिंतीत आत शिरलेली असते आणि पुढचा-मागचा पदर बांधून ठेवते. सगळीकडे लांबच बाजू असेल, तर भिंत बहुधा अर्ध्या विटेच्या जाडीची आहे किंवा बाहेरचा पदर नुसता दर्शनी आहे.

सगळ्यात बोलकी खूण म्हणजे सरळ उभा सांधा. नीट बांधकामात लागोपाठच्या थरांचे उभे सांधे एकावर एक येत नाहीत. ते पाच-सहा थर एका रेषेत आले, तर तिथे एक बांधकाम संपून दुसरं सुरू झालंय. अशा दोन रेषा दाराएवढ्या अंतरावर असतील आणि वर कमान असेल, तर ते बुजवलेलं दारच.

खाली पांढरी पूड दिसली तर तो लोणा. जमिनीतली ओल विटांच्या छिद्रांतून क्षार घेऊन वर चढते. पाणी उडून गेलं की क्षारांचे स्फटिक आतल्या आत वाढतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. चुन्यातल्या भिंतीला सिमेंटचं ठिगळ लावलं की ओल कोंडते आणि आणखी वर चढते. त्यामुळे ठिगळाची वरची कड आवर्जून तपासा.

दगडफूल:
साधन एकच, १० पट मोठं दाखवणारं हातभिंग. वाचायच्या भिंगासारखं ते लांब धरलं की सगळं धूसर दिसतं. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि स्वतः भिंतीकडे सरका. साधारण अडीच सेंटिमीटरवर चित्र स्पष्ट होतं.

सोबत पाण्याची फवारणी बाटली ठेवा. भिंतीवरचे राखाडी डाग म्हणजे बहुतेक वेळा लायकेन: बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. ओलं झालं की वरचा थर पारदर्शक होतो आणि आतलं शैवाल दिसतं, म्हणून बरेचसे डाग हिरवट होतात. रंगाचा डाग तसाच राहतो. भिंतीला चिकटून पसरणारी लायकेन वर्षाला साधारण एखादा मिलिमीटर वाढतात, तेव्हा खरवडून बघू नका. वाळलेल्या मॉसवरही (बारीक पानांचं, मऊ गादीसारखं शेवाळ) फवारा मारा, मिटलेली पानं काही मिनिटांत उलगडतात. हे बघताना भिंग बाजूला ठेववत नाही!

वाटसरू:
मॉसमध्ये जलअस्वल (एक सूक्ष्म प्राणी) सापडतं म्हणतात. ते या भिंगातून दिसेल का?

दगडफूल:
नाही. ते बहुधा अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतं, त्यामुळे ४० पटींचा सूक्ष्मदर्शक हवा. नखाएवढंच वाळकं मॉस घ्या, बशीत पावसाच्या पाण्यात रात्रभर भिजवा, मग पिळून खाली बसलेला गाळ तपासा. नळाचं क्लोरीनयुक्त पाणी नको. पाणीही जास्त नको, अर्धा सेंटिमीटर पुरे. खोल पाण्यात शोधणं अवघड जातं.

वीटकाम:
एक राहिलं. भेगांत बोटं घालू नका, विंचवांना अशाच जागा आवडतात. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरा, नाहीतर पुढच्या वर्षी तुलना करता येत नाही.