तयार पायवाटेखालून बागेच्या वायरसाठी पाइप कसा न्यावा?

मोगरा_सांगली
नमस्कार. सांगलीजवळ आमचे बैठे घर आहे. पोर्चपासून फाटकापर्यंत साडेचार फूट रुंदीची काँक्रीटची पायवाट असून तिने अंगणाचे दोन भाग केले आहेत. मीटर आणि डीबी (घरातल्या विजेच्या वाटपाचा बोर्ड) उजवीकडे आहेत, तर हौद, अर्ध्या एचपीची मोटर आणि बागेतले चार दिवे डावीकडे यायचे आहेत. सध्या वायर पायवाटेवरून उघडीच नेलेली आहे, ती मला पावसाळ्यापूर्वी जमिनीखाली घ्यायची आहे. जमीन काळ्या मातीची आहे. मजुरीसह खर्च आठ हजारांच्या आत बसवायचा आहे. पायवाट न फोडता हे काम होते का?

जुना_वायरमन
निश्चित होते. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना खड्डे घ्यावेत, एका बाजूचा खड्डा पाइपाच्या तुकड्याएवढा लांब असावा, आणि एक इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाचे तोंड ठोकून बंद करून तो घणाने आडवा ठोकत न्यावा. काळ्या मातीत दगड कमी असल्यामुळे पाइप सरळ जातो. पलीकडे निघाला की ठोकलेले तोंड कापून कड कानशीने घासावी, नाहीतर वायर ओढताना तिचे आवरण सोलवटते.

घर_एकदाच
घण वगैरे जुन्या काळच्या गोष्टी झाल्या. आमच्या सोसायटीत यंत्राने आडवे छिद्र पाडणारे ठेकेदार बोलावले होते. एका फरशीलाही धक्का लागला नाही. घर एकदाच होते, पैशांकडे पाहू नये.

मोगरा_सांगली
आपले म्हणणे खरे आहे, परंतु साडेचार फुटांसाठी ते यंत्र फाटकाच्या आतसुद्धा येणार नाही.

पाणाड्या
पीव्हीसी पाइपाला पाण्याची नळी जोडून पूर्ण दाबाने पाणी सोडा आणि पाइप पुढे सरकवत राहा. आमच्याकडे कोकणात वाळूमिश्रित जमिनीत हे काम चहा होईपर्यंत उरकले.

काळी_आई
कोकणातली वाळू आणि कृष्णाकाठची माती यांत फरक आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. पाण्याने चिखल काढून पायवाटेखाली पोकळी केली, तर उन्हाळ्यात तिथेच काँक्रीट खाली बसेल. याच हालचालीमुळे पीव्हीसीचे चिकटवलेले जोड निखळतात, म्हणून मधे जोड नसलेला एचडीपीई (लवचीक प्लास्टिकचा) पाइप घ्यावा.

सोनचाफा
जीआयला अनुमोदन. आमच्याकडेही घणानेच ठोकला होता. दिव्यांसाठी मात्र सौर दिवे लावा, म्हणजे वायरचा प्रश्नच मिटतो.

मोगरा_सांगली
आणि मोटर?

न्यूजर्सीकर
पायवाटेखाली आधीच काय काय पुरलेले आहे, हे कोणीच विचारलेले दिसत नाही. अमेरिकेत खोदण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर कळवावे लागते, मग वीज, गॅस आणि पाण्याच्या कंपन्या आपापल्या वाहिन्यांवर रंगाने खुणा करून जातात. मात्र मीटरच्या पुढच्या, म्हणजे आपल्या मालकीच्या वाहिन्यांवर त्या खुणा करत नाहीत. त्यांची माहिती घरमालकालाच ठेवावी लागते. खोलीचे म्हणाल तर इथल्या नियमावलीत पीव्हीसी पाइपासाठी साधारणपणे १८ इंच, जाड धातूच्या पाइपासाठी ६ इंच आणि थेट पुरलेल्या केबलसाठी २४ इंच सांगितले आहेत.

जुना_वायरमन
इथे अमेरिकेचे इंच काय कामाचे? भारतीय मानक १२५५ मध्ये कमी दाबाच्या केबलसाठी पाऊण मीटर खोली दिलेली आहे, खाली-वर वाळू आणि त्यावर विटा घालायच्या, म्हणजे पुढे कुदळ मारणारा विटेपाशीच थांबतो.

ओहम
लोखंडी पाइप वापरणार असाल तर फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपातून न्या. त्या वेगवेगळ्या पाइपांतून नेल्यास पाइप तापतो.

जुना_वायरमन
अर्ध्या एचपीला कसला पाइप तापतो? उगाच घाबरवू नका.

ओहम
आज अर्धा एचपी आहे, उद्या दीड एचपी होईल. पाइप मात्र तोच राहील. शिवाय जमिनीतल्या पाइपात आज ना उद्या पाणी शिरतेच, त्यामुळे घरातली साधी वायर तिथे चालत नाही. तीन कोअरची अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची आर्मर्ड (तारांचे चिलखत असलेली) केबल घ्या, दोन्ही टोकांना ग्लँड (केबल घट्ट धरणारे बूच) लावून चिलखताची तार अर्थिंगला जोडा, आणि या लाइनला स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच) व ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. पाइपाच्या आत जोड नको.

काठावरचा
सांगली म्हणालात म्हणून सांगतो. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत ज्यांचे बाहेरचे विजेचे डबे गुडघ्याच्या उंचीवर होते, त्यांचे सगळे बदलावे लागले. डबा भिंतीवर शक्य तितका वर घ्या आणि पाणी चढू लागले की एका बटणाने बाहेरची लाइन बंद करता येईल अशी सोय ठेवा.

मोगरा_सांगली
सर्वांचे आभार. न्यूजर्सीकरांच्या प्रश्नावरून चेंबरची झाकणे उघडून पाहिली, तेव्हा न्हाणीघराचा ड्रेनेज पाइप पायवाटेखालूनच लांबीने फाटकाकडे जातो असे लक्षात आले. त्याची नेमकी खोली घरात कोणालाही ठाऊक नाही. आंधळेपणाने घण मारून तो फुटला तर पायवाट उखडावीच लागेल, म्हणून मी ती आत्ताच फोडण्याचे ठरवले आहे: जिथे काँक्रीटचा सांधा आहे तिथे कटरने फूटभर रुंद पट्टी कापून घेणार, ड्रेनेज डोळ्यांनी पाहून त्याच्यापासून अंतर राखत दोन एचडीपीई पाइप टाकणार, आणि वर पुन्हा काँक्रीट न ओतता पेव्हिंग ब्लॉक बसवणार. दुसरा पाइप रिकामा ठेवून, पुढे कधी केबल ओढायला, त्यात जीआयची तार घालून ठेवेन. केबल ओहम यांनी सांगितलेलीच घेतली आहे. त्यामुळे खर्च आठ हजारांच्या वर जाणार हे उघड आहे.

घर_एकदाच
पैशांकडे पाहू नये, हे मी आधीच सांगितले होते.

जुना_वायरमन
शेवटी फोडायचीच होती, तर आम्हाला विचारले कशाला? असो. पट्टीतली माती थराथराने ठोकून भरा, नाहीतर पहिल्याच पावसात ब्लॉक खाली बसतील.