घाटात दोघं एकमेकांकडेच बघत बसले, तर शर्यत करणार कोण?

घाटवेडी
मंडळी, 2011 पासून टूर द फ्रान्स बघतेय, फ्रान्समधली तीन आठवड्यांची सायकल शर्यत. रोज एक टप्पा, म्हणजे स्टेज; सगळ्यांत कमी एकूण वेळ ज्याची, तो शर्यत जिंकतो. त्या वर्षी एका स्टेजला अँडी श्लेक 60 किलोमीटर बाकी असताना इझोआरच्या घाटात सुटला आणि थेट गालिबिए घाटाच्या माथ्यावर जाऊन एकटाच जिंकला. त्या संध्याकाळी आमच्याकडे डाळ बुडाला लागली, कुणाचं लक्षच नव्हतं.

आता 2025 ची ला प्लान्यची स्टेज आठवा. (तीच, जी गुरांमधल्या लम्पीमुळे 130 वरून 95 किलोमीटरवर आणली. सासरे एकदम सावरून बसले, 'तिकडेही लम्पी?') शेवटचा चढ, पाऊस. आरेन्समन पुढे निघून गेला. एकूण वेळेत पहिला होता पोगाचार, त्याच्याकडे चार मिनिटांहून जास्त आघाडी, तो कशाला धडपडेल? पण दुसऱ्या नंबरचा विंगेगोरही पोगाचारच्या मागच्या चाकाला चिकटून वर आला, अगदी शेवटच्या काही मीटरपर्यंत. आरेन्समन जिंकला किती फरकानं? 2 सेकंद! नवरा म्हणाला, 'हे दोघं काय लोकलची वाट बघतायत का?'

एवढी सावध शर्यत कशामुळे? संघाच्या सूचना देणारे कानातले रेडिओ, पायांचा जोर वॅटमध्ये मोजणारे मीटर, की आणखी काही?

चेनतुटी
रेडिओच. टोकियो ऑलिंपिकमधली बायकांची रोड रेस बघा. तिथे रेडिओला बंदी. किझेनहोफर नावाची ऑस्ट्रियाची गणितज्ञ सुरुवातीलाच पुढे गेली, आणि मागच्यांना ती पुढे आहे हेच विसरायला झालं. मागून आलेल्या नेदरलँड्सच्या व्हान फ्लॉयटननं सोनं मिळालं समजून हात वर केले, मिळालं रौप्य. काढा रेडिओ, लागेल मजा.

कात्रजचा_म्हातारा
चेनतुटी, ती रेस भारीच होती. पण रेडिओ काढल्यानं माणूस आंधळा होतो, धाडसी होत नाही.

मी पंचावन्नचा आहे, रविवारी पोरांबरोबर सिंहगड चढतो. सपाटीवर कुणाच्या मागे राहिलं की वाऱ्याचा भार साधारण तीस टक्क्यांनी हलका होतो, त्यामुळे चिकटून राहण्यात शहाणपण आहे. घाटात वेग पंधरावर आला की तो फायदा जवळपास संपतो. तरी आम्ही तिथेही एकमेकांच्या मागेच! कारण 'मी जोर लावला आणि शेवटी यानंच मला टाकलं तर?' हे गणित मीटरमध्ये दिसत नाही, पोटात असतं.

याचा कळस म्हणजे 2025 च्या जिरोची (इटलीतली तशीच तीन आठवड्यांची शर्यत) शेवटून दुसरी स्टेज, फिनेस्त्रेचा घाट. साडेअठरा किलोमीटर चढ, वरचा भाग खडीचा. एकूण वेळेत पहिल्याची गुलाबी जर्सी 21 वर्षांच्या देल तोरोकडे, कारापाझ 43 सेकंद मागे, सायमन येट्स 1 मिनिट 21 सेकंद मागे. येट्स सुटला. कारापाझला वाटलं, जर्सी याची आहे, पुढे राहून ओढावं यानं. देल तोरोला वाटलं, मी ओढलं तर हा शेवटी मला मारणार. दोघं बसले एकमेकांच्या तोंडाकडे बघत. पलीकडे आधीच पुढे पाठवलेला संघातला साथीदार व्हान आर्ट येट्सची वाटच बघत होता, त्यानं त्याला शेवटाकडे, सेस्त्रिएरेला ओढत नेलं. येट्सनं जिरो जिंकला जवळजवळ चार मिनिटांनी. आणि याच फिनेस्त्रेवर 2018 मध्ये येट्स गुलाबी जर्सीत कोसळला होता, त्याचा प्रतिस्पर्धी फ्रूम त्या दिवशी 80 किलोमीटर एकटा गेला होता.

त्यात पॉइंटांची भानगड. तीन वर्षांच्या पॉइंटांवर संघाचा वरचा वर्ग ठरतो. 2022 अखेर लोट्टो-सूदाल आणि इस्रायल-प्रीमियर टेक असेच खाली गेले. मग मॅनेजर आठव्या नंबरवाल्याला सांगणार, 'बाबा, आठवाच राहा.'

पंक्चरवाला
रडगाणं पुरे. पोगाचारनं 2024 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप 100 किलोमीटर बाकी असताना हल्ला करून फोडली. तेव्हा तुम्हीच म्हणाला असाल, 'निकाल आधीच कळला, कंटाळा आला.' सावध खेळलं तरी तक्रार, मारलं तरी तक्रार.

घाटवेडी
पंक्चरवाला, म्हटलं होतं, कबूल. झुरिकच्या त्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला शेवटचा तासभर मी कपड्यांच्या घड्या घातल्या.

काका, फिनेस्त्रेचं पटलं, तिथे दोघांनाही गमावण्यासारखं होतं. पण ला प्लान्यला तुमचा हिशोब बसत नाही. विंगेगोरच्या मागे तिसरा लिपोवित्झ, तोही सहा मिनिटांहून दूर. दुसरा नंबर जवळपास खिशात. अटॅक करून फुटला असता तरी दुसराच राहिला असता, आणि जमलं असतं तर स्टेज त्याची होती. मग त्या माणसाला भीती नेमकी कशाची होती?