मागच्या कोब्याच्या अंगणात संध्याकाळी बसण्यासारखं काहीतरी करायचंय, सल्ला द्या (नाशिक)

इंदिरानगरवाली

नमस्कार मंडळी. आमचं इंदिरानगरला रो हाऊस आहे, मागे साधारण १० बाय १४ची जागा आहे, म्हणायला अंगण पण बिल्डरने सगळा कोबा करून दिलाय, मातीचा कण नाही. तीन बाजूंनी कंपाउंडच्या भिंती, एका कोपऱ्यात धुण्याचा दगड आणि मशीनच्या पाण्याची मोरी, दुसऱ्या कोपऱ्यात सासूबाईंची तुळस, आणि वर कपड्यांच्या आडव्यातिडव्या दोऱ्या. ऊन पश्चिमेचं. दुपारचं सोडाच, संध्याकाळी सात वाजले तरी खाली तव्यासारखं तापलेलं असतं आणि भिंतीला टेकलं तर पाठ भाजते. बाहेर रस्त्यावर मस्त वारा सुटलेला असतो आणि आमच्या मागे मात्र कोंडलेलं.

मला फक्त एवढंच हवंय की संध्याकाळचा चहा आणि जेवण झाल्यावर तासभर चारपाच जणांना निवांत बसता यावं. अहो म्हणतात कृत्रिम लॉन टाकू, एका दिवसात काम. मला वाटतं कोबा फोडून माती भरावी. सासूबाई म्हणतात एक बाज टाका आणि गप्प बसा 😄 बजेट २५-३० हजार, फार तर थोडं वर. डास आहेतच. आणि शेजारच्यांची वरची खिडकी थेट आमच्या अंगणात उघडते त्यामुळे थोडा आडोसा पण हवाय. कुठून सुरुवात करू?

गवंडीकाम_आणि_बरंच_काही

ताई, सगळा कोबा फोडू नका. पैसे तिथेच संपतील, डेब्रिज उचलायचे वेगळे, आणि सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे चांगला गवंडी मिळणंच मुश्किल झालंय. दुसरं म्हणजे आपल्याकडची काळी माती. पाणी लागलं की फुगते, उन्हाळ्यात आटून भेगा पडतात. घराच्या पायाला लागून रोज झाडांना पाणी घालत बसलात तर दोनचार वर्षांनी भिंतीला तडे बघत बसाल. म्हणून फोडायचंच असेल तर घरापासून लांबच्या कंपाउंडला लागून दीडदोन फुटाची पट्टी काढा, बास. त्यात वेल आणि दोन झाडं आरामात होतात.

फोडायच्या आधी खाली काय आहे ते बघा. बऱ्याच रो हाऊसमध्ये मागेच चेंबर आणि ड्रेनेजची लाइन असते, काही ठिकाणी पाण्याची टाकी पण तिथेच. टाकी असेल तर वर दिसतोय तो कोबा नसून स्लॅब आहे, त्याला हात लावायचा नाही. आणि मजुराला सांगा की आधी कटरने सरळ रेघ मारून घे, मग ब्रेकर चालव. नाहीतर तो डायरेक्ट घणच घालतो आणि चीर पार तुळशीपर्यंत जाते.

अजून एक, बादलीभर पाणी ओतून उतार बघा. पाणी मोरीकडे जातंय की मध्येच साचतंय? बसायची जागा कुठे ते त्यावरून ठरवा, फोटोवरून नाही.

मळेकरी_ओझर

तुमचा खरा प्रॉब्लेम माती नाहीये, तापलेला कोबा आहे. काँक्रीट दिवसभर ऊन साठवतं आणि मावळल्यावर सोडत बसतं, तुम्ही बसणार नेमकं तेव्हा. ते ऊन दुपारीच अडवलं तर संध्याकाळ आपोआप बरी होते. त्यामुळे आधी सावली, बाकी सगळं नंतर.

नाशकात राहता तर सोय हाताशीच आहे, पिंपळगाव, ओझर, दिंडोरी कुठेही द्राक्षबागेचं सामान विकणाऱ्या दुकानात जा. शेडनेट, जीआय तार, तार ताणायचं सामान, सगळं मिळतं. बाग तोडलेला एखादा शेतकरी ओळखीचा असेल तर जुने अँगल आणि बांबू त्याच्याकडून भंगाराच्या भावात उचला. ५० टक्क्यांची नेट पुरे, ७५ची घेतली तर खाली झाडं फुलत नाहीत. उंची आठ फुटाच्या वर ठेवा आणि नेट भिंतीला चिकटवू नका, एक बाजू मोकळी ठेवा म्हणजे गरम हवा वर निघून जाते.

खांब कंपाउंडला ठोकू नका, ती भिंत बहुतेक चार इंचीच असते. जुन्या ड्रममध्ये अँगल उभा करून काँक्रीट भरायचं, चार कोपऱ्यांना चार ड्रम, हलत नाही की डुलत नाही. वरच्या अर्ध्या भागात माती भरून झाड पण लावता येतं. नेट मात्र हुकवर लावा, म्हणजे वळवाचा पाऊस आला की पाच मिनिटांत काढता येते. मे महिन्यातल्या वादळात बांधलेली नेट खांबासकट जाते.

आणि आडोशासाठी पत्रा बित्रा लावू नका हां. आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो आणि तुमची तीच बाजू आहे. बांबूची चिक किंवा जाळीवर वेल, म्हणजे खिडकी पण झाकली आणि वारा पण येतो. तुमचं अंगण कोंडलंय ते भिंतींमुळेच.

पाथर्डी_फाटा

कृत्रिम लॉनचं सांगतो, आमच्याकडे आहे. उन्हात ते कोब्यापेक्षा जास्त तापतं, अनवाणी पाय ठेवता येत नाही. पावसाळ्यात खाली पाणी राहतं आणि कुबट वास येतो. दिसतं छान, व्हॉट्सॲपला फोटो टाकायला भारी.

दोनमांजरी

@पाथर्डी_फाटा एवढं पण वाईट नसतं हो. आमच्या बाल्कनीत सावलीत आहे, तीन वर्षं काही झालं नाही, पोरं लोळतात त्याच्यावर. उघड्या उन्हात टाकलं तर तापणारच, त्याला लॉन काय करणार. ताईंनी नेट लावली की सावलीत छोटा तुकडा टाकायला हरकत नाही, अहोंचं पण मन राहील.

कुंडीवाली

झाडांचं मी सांगते. संध्याकाळी बसायचंय ना, मग रंगापेक्षा वासाची झाडं घ्या, अंधारात रंग कोण बघतंय. आणि असं लावा की वर्षभर काही ना काही फुलत राहील. उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यात जुई, थंडीत कुंद. निशिगंधाचे चार कंद एका कुंडीत. रातराणी लावायची तर पार लांबच्या कोपऱ्यात, तिचा वास जवळून डोक्यात जातो, आमच्याकडे पाहुणे उठून आत गेलेत. मोगऱ्याला नेटच्या बाहेरची जागा द्या, त्याला पाचसहा तास ऊन लागतंच, आणि बहर गेला की छाटा, नाहीतर नुसती पानं.

पट्टीत मधुमालती लावा. भराभर वाढते, खिडकीचा प्रश्न एका वर्षात मिटेल, फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात मग गुलाबी मग लाल होतात. फक्त आवरावी लागते, नाहीतर शेजाऱ्यांच्या खिडकीतून आत जाईल आणि मग वेगळाच आडोसा लागेल.

कुंड्या थेट कोब्यावर ठेवू नका, खाली दोन विटा. पाणी निघून जातं आणि मुळं भाजत नाहीत. भरताना नुसती काळी माती नको, ती दगड होते. पोयटा, शेणखत, थोडं कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड.

डास: कुंड्यांखालच्या ताटल्या काढूनच टाका. डेंग्यूच्या डासाची अंडी ताटलीच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, परत पाणी आलं की चालू. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आठवड्यातून एकदा घासायची. धुण्याच्या दगडामागे बघा, तिथे नक्की पाणी साचत असेल. आणि गवती चहा लावला की डास पळतात हे खरं नाही, चहापुरता लावा. सगळ्यात बेस्ट म्हणजे एक स्टँडचा फॅन पायाच्या लेव्हलला, वाऱ्यात डासाला उडताच येत नाही.

इंदिरानगरवाली

बापरे, किती माहिती! सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. चेंबर खरंच मागेच आहे, तुळशीच्या बाजूला, बरं झालं आधी विचारलं. @मळेकरी_ओझर दादा एक वेडा प्रश्न, नाशिकला राहतो तर मांडवावर द्राक्षाचाच वेल सोडला तर? सासऱ्यांची फार इच्छा आहे, खाली बसायचं आणि वर घड लटकलेले. लाइटचं पण कोणीतरी सांगा, सध्या मागच्या दारावर एक पांढरी ट्यूब आहे, ती लावली की ऑपरेशन थिएटरमध्ये बसल्यासारखं वाटतं.

मळेकरी_ओझर

ताई, काकांना माझा नमस्कार सांगा आणि तो बेत रद्द करा 😀 एप्रिलमध्ये आमची खरड छाटणी असते, वेल पार बोडका होतो, म्हणजे तुम्हाला सावली हवी तेव्हाच डोक्यावर काड्या. ऑक्टोबरला परत गोडी छाटणी. छाटलं नाही तर घड धरत नाही. पुढे दवबिव पडलं की केवडा, मग भुरी, असे रोग येतात, फवारणी केल्याशिवाय इकडे द्राक्ष हाताला लागत नाही, आणि जिथे बसून चहा पिणार तिथे फवारणार का तुम्ही? त्यातूनही चार घड आलेच तर बुलबुल आणि वटवाघळं तुमच्या आधी. हौस म्हणून ड्रममध्ये एक वेल लावा, पानं बघायची. मांडवावर मधुमालतीच बरी. द्राक्षं सीझनला मळ्यावर या, पोटभर खा.

वायरमन_सातपूर

लाइट. ट्यूब राहू द्या, कपडे काढायला लागते, पण तिचं बटण वेगळं करा. बसायला वॉर्म व्हाइट, पाकिटावर २७०० किंवा ३००० केल्व्हिन लिहिलेलं असतं ते बघून घ्या. पिवळट लाइटवर पावसाळ्यात पाकोळ्या पण कमी येतात. एक मोठा दिवा वर टांगण्यापेक्षा दोनतीन छोटे खाली, कट्ट्याच्या पोटाखाली किंवा कुंडीच्या मागे, बल्ब डोळ्याला दिसला नाही पाहिजे. उघड्यावर आयपी ६५ची, म्हणजे पाणी-धूळ आत न जाणारी फिटिंग घ्या. शक्यतो १२ व्होल्टची माळ, अडॅप्टर घरात. आणि बाहेरच्या पॉइंटवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन लगेच तोडणारा स्विच) आहे का ते आधी तपासून घ्या. ओला कोबा, अनवाणी पाय, हातात फॅनची वायर, इथे काटकसर करायची नाही.

कट्ट्याचं कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. विटांचा कट्टा, वर शहाबादी किंवा कडप्पा. कडप्पा काळा असतो, जास्त तापतो, म्हणून तुमच्या उन्हाला शहाबादी बरी. उंची १६ ते १८ इंच, खोली निदान १८, नाहीतर मांडी घालून बसता येत नाही. लाकडी पॅलेट वापरणार असाल तर अंबड-सातपूरला एमआयडीसीत मिळतात, पण शिक्का बघा. एचटी म्हणजे उष्णता देऊन किडीपासून सुरक्षित केलेलं, ते घ्या. एमबी असेल तर विषारी वायूची प्रक्रिया केलेलं असतं, ते नको.

डिसेंबर-जानेवारीत शेगडी पेटवायचा मोह होणारच, निफाडइतकी नसली तरी थंडी असतेच. थेट कोब्यावर पेटवू नका, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन कोब्याचे टवके उडतात. खाली वाळू, त्यावर विटा, त्यावर शेगडी. निखारे विझल्यासारखे वाटले तरी ती रात्री घरात आणायची नाही, त्यातला वायू जीवघेणा असतो.

गवंडीकाम_आणि_बरंच_काही

वरच्या सगळ्याला +१. एक फुकटचा उपाय, नेट लागेपर्यंत तरी करा: ऊन भिंतीवरून उतरलं की कोब्यावर आणि भिंतीवर पाणी मारा, पाण्याबरोबर उष्णता निघून जाते. आरओचं वाया जाणारं पाणी साठवून ठेवा त्याच्यासाठी. झाडांना ते घालू नका, क्षार असतात.

इंदिरानगरवाली

काल अंगणातच मीटिंग झाली, पाणी मारून! ठरलंय असं: कोबा तसाच, मागच्या भिंतीला पट्टी, मांडव आणि नेट, एका बाजूला शहाबादीचा कट्टा, दुसऱ्या बाजूला सासूबाईंची बाज (त्या जिंकल्या). लॉन कॅन्सल, अहो जरा नाराज आहेत. सासऱ्यांना ड्रममधला एक द्राक्षाचा वेल कबूल केलाय. आता एकच राहिलं, कपड्यांच्या दोऱ्या. मांडव झाल्यावर कपडे वाळत कुठे घालू? गच्चीवर रोज चढउतार सासूबाईंना जमत नाही.

दोनमांजरी

आत गुंडाळली जाणारी दोरी येते, एका भिंतीवर डबी आणि समोर हुक. घराच्या भिंतीला लावा, कंपाउंडला नको, ओल्या चादरींचं वजन बरंच असतं. दुपारी ओढायची, पाचला कपडे काढले की सोडून द्यायची. आमच्याकडे स्टीलची आहे. प्लास्टिकची उन्हाने तुटते.