मदत हवी आहे : बाबांना सीएलएल आहे, उन्हात जाऊ द्यावं का?

नमस्कार मंडळी,

बाबा ७१ वर्षांचे, तासगावकडचे द्राक्ष बागायतदार. आठ महिन्यांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी ४२ हजार. पुढच्या तपासण्यांत सीएलएल, म्हणजे संथ चालीचा रक्ताचा कॅन्सर निघाला. सध्या औषध नाही, दर तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायची आणि लक्ष ठेवायचं.

पण भावकीत कुणीतरी बोलून गेलं, "चाळीस वर्सं उन्हात राबला, उन्हानं रगात जाळलं." आईनं ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून बाबा सोप्यात बसून असतात. यंदा खरड छाटणी त्यांच्याशिवाय झाली. जन्मात पहिल्यांदा.

म्हणून मी वाचायला लागले. ऊन आणि त्वचेचा कॅन्सर यांचं नातं पक्कं आहे. लिम्फोमाबद्दलही (लसिका पेशींचा कॅन्सर) एके काळी तीच शंका होती (सीएलएल आता त्याच कुटुंबात धरतात). पण २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणि २००५ मध्ये स्वीडन-डेन्मार्कमधून उलटंच निघालं, जास्त उन्हात असणाऱ्यांमध्ये लिम्फोमा कमी. २००८ मध्ये दहा अभ्यास एकत्र केले, आठ हजारांवर रुग्ण होते, तरी कल तोच. आईला हे सांगितलं तेव्हा ती रडली. इतके दिवस आपणच त्यांना उन्हात डबा घेऊन जात होतो, हे तिच्या मनात होतं.

माझी अडचण मात्र इथेच आहे. ते सगळे रुग्ण युरोपीय वंशाचे, आणि धोका कमी दिसला तो मुख्यतः सुट्टीतल्या, खेळण्या-फिरण्याच्या उन्हात. बाबांचं ऊन बागेतलं, सकाळपासून संध्याकाळपर्यंतचं. त्यांची बाही वर केली की दंडावर रेघ दिसते, वर गव्हाळ आणि खाली चिंचेच्या टरफलासारखा रंग. ऊन सोसण्यावरून त्वचेचे जे सहा प्रकार डॉक्टर मानतात, त्यांची १९७५ ची मूळ मांडणी फक्त गोऱ्यांसाठी होती, सावळे आणि काळे प्रकार नंतर जोडले गेले.

दुसरीकडे, सीएलएलच्या रुग्णांना त्वचेच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो, म्हणून मेलबर्नची ताई रोज बजावते : यूव्ही इंडेक्स (उन्हातल्या अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा) तीन झाला की टोपी, लांब बाह्या, सनस्क्रीन. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी तो दहाच्या वर असतो! आणि बाबांचं ड जीवनसत्त्व आलंय ११, म्हणजे कमी. आई त्यांना बंद काचेच्या खिडकीपाशी बसवते, पण ड जीवनसत्त्व करणारे किरण काचेतून येत नाहीत आणि सकाळच्या कोवळ्या उन्हातही फारसे नसतात. सावळ्या त्वचेला तर ऊन जास्तच लागतं.

मला स्वतःला उन्हापेक्षा फवारणीची शंका जास्त येते. तरुणपणी बाबा गॅमेक्झिन ही कीटकनाशक पावडर उघड्या हातानं धुरळायचे. त्यातलं लिंडेन लिम्फोमाला कारण ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये जाहीर केलं. बाबांचंही त्यामुळेच झालं असं कुणी सांगू शकणार नाही, पण आईच्या डोक्यातून ऊन काढायला मला याची मदत झाली.

आता खरी काळजी. परवा त्यांच्या पायाला तेल लावताना डाव्या तळव्यावर मसुराएवढा काळा डाग दिसला. ते म्हणतात, बाभळीचा जुना काटा आहे. सावळ्या माणसांत मेलॅनोमा (त्वचेचा घातक कॅन्सर) बहुधा तळवे, तळहात आणि नखांखालीच निघतो, आणि तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. बुधवारी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे.

कुणाच्या घरी सीएलएलचा सावळा रुग्ण असेल तर कृपया सांगा. डॉक्टरांनी किती आणि कुठल्या वेळचं ऊन चालेल म्हटलं? त्वचेची तपासणी किती महिन्यांनी करता? आणि तळव्यावरचा डाग तपासून घेतला असेल, तर तुकडा काढला की नुसतं भिंगातून पाहिलं? गुडघ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय, त्यामुळे तळव्याला जखम झाली तर ते चालणार कसे, हे बुधवारी विचारायचं आहे.