भिलवडीच्या मळ्यात पडलेली 1966 ची फियाट उचलावी का? बजेट दीड लाख

कृष्णाकाठ_वाळवा: नमस्कार मंडळी. भिलवडीजवळ एका मळ्यात, गोठ्यामागे चिंचेखाली 1966 ची फियाट 1100 डिलाईट पडून आहे. चारही चाकं मातीत बसलीत, अर्धवट उघड्या मागच्या खिडकीतून घाणेरीची फांदी आत शिरलीय. पण काचा सगळ्या शाबूत आणि हँडगिअरचा (स्टिअरिंगजवळच्या गिअरचा) दांडा जागेवर. मालक वारले. थोरला मुलगा पंचवीस हजार म्हणतोय. आरसी बुक आहे, अक्षरं पुसट झालीत. उचलणं, इंजिन, ब्रेक, कागद सगळं धरून दीड लाखाच्या वर जाणं मला शक्य नाही. घ्यावी का? आधी काय तपासू?

जीपवाला_वाई: फियाट सोडा, जुनी महिंद्रा जीप बघा. मी सीजे 3बी घेतली, चार लाख गेले, पण आज पसरणीचा घाट हसत चढते. जीपला चेसिस वेगळी असते, वरचा पत्रा सडला तर नवा बसवता येतो. फियाटला वेगळी चेसिसच नाही, बॉडी हाच सांगाडा. तळ गेला की गाडी गेली. चार लाख धरूनच चाला.

कृष्णाकाठ_वाळवा: दादा, दीड लाख म्हटलंय मी.

मिरज_जंक्शन: बाकी सगळं नंतर. ही गाडी पुरात होती का? 2005, 2019, 2021, तिन्ही वेळा त्या पट्ट्यात पाणी शिरलं. पुराचा गाळ दरवाजाखालच्या पोकळ पट्टीत बसतो आणि आतून पत्रा खातो, वरून रंग चांगला दिसतो. पायाखालचं मॅटिंग उचला, जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन तळपत्र्यावर आणि त्या पट्टीवर जोर देऊन टोचा. आरपार गेला तर तिथं नवा पत्रा जोडावा लागणार. माझ्या चुलत्यांची अँबॅसॅडर 2019 ला बुडाली. गॅरेजवाल्याने वरून रंग मारून दिली, दोन पावसाळ्यांत मागची सीट खाली आली.

सातारी_पद्मिनी: डुक्कर फियाट मिळतेय तर सोडू नका! माझी पद्मिनी अजून रोज पोवई नाक्यापर्यंत जाते. एसी बसवलाय, नवी सीट, अलॉय चाकं, सगळं केलंय.

जुनं_ते_सोनं_सांगली: डिलाईटला डुक्कर म्हणू नका. डुक्कर म्हणजे तिच्या आधीची गोलमटोल फियाट, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. डिलाईटचे दरवाजे सरळ उघडतात.

सातारी_पद्मिनी: आमच्याकडे सगळ्या जुन्या फियाटला डुक्करच म्हणतात.

जुनं_ते_सोनं_सांगली: म्हणतात, पण चूक म्हणतात.

फिटर_कुपवाड: विषयावर या. इंजिन जाम असणार हे धरून चला. बॅटरी जोडून सेल्फ मारायचा नाही, पिस्टनच्या रिंगा तुटतील. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं ओता, आठवडाभर मुरू द्या. मग प्लग बाहेर ठेवूनच पुढची पुली हाताने हळूहळू मागे-पुढे करा. फिरली तर निम्मी लढाई जिंकली. नाही फिरली तर हेड उतरवून बघा. जुनं पेट्रोल टाकीत डिंकासारखं झालेलं असतं, टाकी उतरवून धुतल्याशिवाय नवं पेट्रोल घालू नका, सगळा कचरा कार्बोरेटरमध्ये येतो. सिलिंडर बोअर करायची, म्हणजे आतून घासून मोठी करायची वेळ आली तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घ्या, असले 1089 सीसीचे ब्लॉक तिथल्या जुन्या लेथवाल्यांच्या हाताखालून भरपूर गेलेत. ब्रेकची व्हील सिलिंडरं आणि सगळे रबर बदलाच, ते धुऊन चालत नाहीत. पार्टची काळजी नको. पुढं हीच गाडी पद्मिनी म्हणून 2000 सालापर्यंत निघाली, मुंबईच्या टॅक्सी त्याच होत्या.

जीपवाला_वाई: त्यापेक्षा मारुती 800 चं इंजिन टाका, कटकट संपली.

कागदवाली_कराड: ते केलंत तर व्हिंटेज नोंदणी विसरा. 2021 च्या नियमाप्रमाणे गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात हवी, बॉडी, चेसिस, इंजिनमध्ये मोठा बदल चालत नाही. मग व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, नवी नोंदणी 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी. पण त्या नंबरवर रोज फिरता येत नाही, रॅली, प्रदर्शन आणि पेट्रोल-दुरुस्तीपुरतीच. पैसे देण्याआधी चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि आरसी बुकाशी ताडून बघा. थोरल्याची एकट्याची सही पुरणार नाही, सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या. आधी फॉर्म 31 वर वारसाच्या नावावर, मग 29 आणि 30 वर तुमच्या. आरटीओत जुना रेकॉर्ड कॉम्प्युटरवर चढलेला नसेल तर बॅकलॉग एन्ट्रीसाठी मूळ आरसी बुक लागतं, ते जिवापाड जपा.

मिरज_जंक्शन: ताईंशी सहमत. आणि पुराचं विचाराच.

तासगाव_द्राक्षे: आमच्या मळ्यातल्या बंद ट्रॅक्टरच्या सीटखाली घोणस निघाली होती. बॉनेट भर उन्हात, लांब काठीने उघडा. ट्रॅक्टरने ओढू तर अजिबात नका. आमच्या गावात एका फियाटचा बंपर ब्रॅकेटसकट हातात आला, कारण ब्रेक ड्रमला धरले होते.

फिटर_कुपवाड: बरोबर. हायड्रा, म्हणजे क्रेन मागवा, पट्टा थेट दरवाजाखाली घालू नका, पत्रा चेपतो. खाली सागवानी फळी द्या. हवा भरलेली पद्मिनीची चाकं बसवून घ्या आणि ड्रम मोकळे करा, म्हणजे ट्रकवर ढकलता येईल.

जीपवाला_वाई: एवढ्यात माझ्यासारखी जीप झाली असती.

कृष्णाकाठ_वाळवा: काल जाऊन आलो. 2019 ला पाणी दरवाजाच्या कडीपर्यंत होतं. ड्रायव्हरच्या पायाखाली आणि डाव्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. चेसिस नंबर मात्र आरसीशी अक्षर न् अक्षर जुळतो. पुली फिरत नाही. तुम्ही बहुतेक जण नको म्हणाल हे माहीत आहे.

मिरज_जंक्शन: नकोच. दीड लाख पत्र्यातच जातील.

जुनं_ते_सोनं_सांगली: मीही नको म्हणेन, जीव तुटतो तरी.

कृष्णाकाठ_वाळवा: घेतली. तिघा भावंडांच्या सह्या झाल्या, बावीस हजाराला ठरली. पुढच्या आठवड्यात भंगारवाला गॅस कटर घेऊन येणार होता, ते मला बघवलं नसतं. रंगाला हात लावणार नाही, आधी तळपत्रा, मग ब्रेक, इंजिन पैसे उरतील तसं. मूळ इंजिनच राहील. हायड्रा शनिवारी आहे. पलूस-तासगाव पट्ट्यात कुणाकडे पद्मिनीची चार चाकं उसनी मिळतील का?

तासगाव_द्राक्षे: दोन आहेत. ट्यूब तुम्ही आणा.

सातारी_पद्मिनी: माझी जुनी स्टीलची दोन पडून आहेत, अलॉय टाकल्यापासून. शुक्रवारी कराडला येतोय, तिथून घेऊन जा.