पैठणीचा हलता पदर वेबसाइटवर दाखवायचाय, जीआयएफ का वेबपी?

मागवाला_पैठण:
नमस्कार मंडळी, घरी दोन माग आहेत, मामाच्या साड्यांसाठी छोटी वेबसाइट करायलोय. धूपछाँव साडीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा अन बाणा (आडवे धागे) दुसऱ्या, त्यामुळं पदर हलवला की जांभळ्याचा हिरवा होतो, तेच पहिल्या पानावर दाखवायचं म्हणून मोबाइलवर ६ सेकंद शूट करून जीआयएफ (हलत्या चित्राची फाइल) केली तर ती निघाली १४ एमबी, अन वर रंग असे फाटलेत की रेशीम सोडून सतरंजी दिसायलीय. मामा म्हणतो हे लावण्यापेक्षा लावूच नको. त्यात गावाकडं नेटवर्कची बोंब, पान उघडंस्तोवर चहा होतो. काय वापरू?

लातूरचा_पोरगा:
दादा जीआयएफ १९८७ ची, एका फ्रेमला २५६ च रंग, तुझी झाक त्यात कुठं मावणार. ॲनिमेटेड वेबपी (वेबसाठीचा नवा चित्र-फॉरमॅट, हलता) कर, रंग सगळे येतात, साइज पण कमी. व्हॉट्सॲपचे हलते स्टिकर वेबपीच असतात. आयफोनचं आधी लफडं होतं, पण त्याच्या सफारी ब्राउझरमधे २०२० पासून चालतंय.

गोदाकाठ:
वेबपी चालेल, पण कॅमेऱ्यानं शूट केलंय ना, मग व्हिडिओच ठेव की, उगं फोटो कशाला बनवायलास? पदर हलला की जवळपास अख्खी फ्रेम बदलते, जीआयएफ ती पुन्हा साठवत बसते, व्हिडिओ मात्र "मागचा तुकडा इकडं सरकला" एवढंच लिहून मोकळा. एमपी४ कर, आवाज काढून टाक, रुंदी ७२० पिक्सल पुरे. पानाच्या कोडात व्हिडिओ टॅगमधे ऑटोप्ले (आपोआप चालू), लूप (पुन्हा पुन्हा), म्यूटेड (आवाज बंद) अन प्लेजइनलाइन (पानातच चालणं) चारही टाक. म्यूटेड विसरलास तर क्रोम आपोआप चालू करंल याचा भरवसा नाही, अन प्लेजइनलाइन नसलं तर आयफोनवर पानात चालत नाही. पोस्टर म्हणून एक फोटो दे, लोड होईस्तोवर लोकं कोरा डबा बघणार नाहीत.

मागवाला_पैठण:
हे भारी. अजून एक, लोगोतला बांगडी मोर (पैठणीवरची बांगडीतल्या मोराची नक्षी) गोल फिरवायचाय, मागं काही नको, पण जीआयएफमधे कडेला पांढरी करकरीत रेघ येते, मरून बॅकग्राउंडवर लई घाण दिसते.

नांदेडची_ताई:
येणारच. जीआयएफमधे पिक्सल एकतर पूर्ण पारदर्शक नाहीतर पूर्ण भरलेला, अर्धवट काही नाही, म्हणून कड मऊ होत नाही. एपीएनजी (हलती पीएनजी) किंवा वेबपीत होते. एपीएनजीचं बरंय, जुन्या ब्राउझरला कळलं नाही तरी पहिली फ्रेम साध्या पीएनजीसारखी दिसते. पण लोगो व्हेक्टरमधे (पिक्सलऐवजी रेघा-आकारांनी काढलेला) असंल तर यातलं काहीच नको, एसव्हीजी (व्हेक्टर चित्राची फाइल) ठेव अन सीएसएसनं (पानाची सजावट ठरवणारा कोड) फिरव, काही केबीत काम. आणि भाऊ, मोर कशाला गरागरा फिरवायलास, चक्कर येईल त्याला, बांगडीच फिरव.

मागवाला_पैठण:
केलं. व्हिडिओ ९०० केबीत बसला, बांगडी पण फिरायलीय. मामाला दाखवलं, रंग पटला त्याला. आता म्हणतो पदर उलटा धरलाय, पुन्हा शूट कर.