दर सर्व्हिसिंगला ‘गॅस कमी आहे’ असं सांगतात. एसीवरचा खर्च नेमका कशावर करायचा?

दुपारची_सावली:

घरात दोन इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहेत. एक आईच्या खोलीत, तो जवळजवळ वर्षभर चालू असतो. दुसरा हॉलमध्ये, फक्त उन्हाळ्यापुरता.

सर्व्हिसिंगचा दर ठरलेला असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण मेकॅनिक आला की आधी बाहेरच्या युनिटला गेज (गॅसचं प्रेशर मोजायचं मीटर) लावतो आणि म्हणतो, ‘मॅडम, गॅस कमी झालाय.’ मग बिल सर्व्हिसिंगच्या कितीतरी पट होतं. गेल्या वर्षी हेच झालं, आत्ताही हेच सांगून गेला. वर वार्षिक करार करून टाका म्हणजे कटकट नको, असा आग्रह. मी अजून हो म्हटलेलं नाही.

गॅस असा दरवर्षी संपतो का? सर्व्हिसिंग किती वेळा करायचं? आणि आईच्या खोलीतला एसी गार करतो, पण चालू केल्यावर पहिली काही मिनिटं कुबट वास येतो. तिला दमा आहे, म्हणून त्याची जास्त काळजी वाटते.

तांब्याची_नळी:

ताई, मी याच धंद्यात आहे, स्प्लिट बसवणं आणि दुरुस्ती. सविस्तर लिहितो, कारण या एका वाक्यापायी लोकांचे फार पैसे जातात आणि मला ते बघवत नाही.

गॅस संपत नाही. तो इंधन नाही. तांब्याच्या बंद नळीत तोच गॅस फिरत राहतो, आतल्या कॉइलमध्ये उष्णता घेऊन वायू होतो, बाहेरच्या कॉइलमध्ये ती सोडून पुन्हा द्रव होतो. फ्रिजमध्येही हेच चक्र चालतं आणि तिथे दरवर्षी कोणी गॅस भरत नाही. फरक एवढाच की फ्रिजच्या नळ्या कारखान्यातच कायमच्या जोडलेल्या असतात, स्प्लिटच्या नळ्या घरी येऊन फ्लेअर नटने जोडतात, म्हणजे नळीचं टोक कर्ण्यासारखं फुलवून (हाच फ्लेअर) त्यावर नट आवळतात. गळती झालीच तर बहुतेक वेळा त्या नटांपाशी सापडते, नाहीतर आतल्या कॉइलला बारीक छिद्र असतं. म्हणजे गॅस खरोखर कमी झाला असेल तर तो कुठूनतरी जातोय. ती जागा न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे पुढच्या बिलाची सोय.

आता गेजचं. तुमच्याकडे धुण्याआधी गेज लावला, तिथेच गडबड आहे. जाळी आणि कॉइल धुळीने भरलेली असली की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, गॅसला पुरेशी उष्णता मिळत नाही आणि सक्शनचं, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत जाणाऱ्या गॅसचं, प्रेशर खाली येतं. गॅस पूर्ण असला तरी काटा कमीच दाखवतो. दुसरं म्हणजे तुमचे एसी इन्व्हर्टर आहेत. त्यात कॉम्प्रेसरचा वेग बदलत राहतो, वेगाबरोबर प्रेशरही. पूर्ण वेगाने चालवल्याशिवाय घेतलेल्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. शिवाय दर वेळी गेज लावता-काढताना थोडा गॅस सुटतो, त्यामुळे कूलिंग नीट असेल तर मी गेज लावतच नाही.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. एसी धुऊन झाल्यावर सगळ्यात कमी तापमानावर, पंखा जोरात ठेवून पंधरा-वीस मिनिटं चालवा. साधा थर्मामीटर आधी वरच्या जाळीपाशी, जिथून हवा आत जाते तिथे धरा, मग खालच्या झडपेपाशी. साधारण 8 ते 12 अंशांचा फरक दिसला तर गॅसला हात लावायची गरज नाही. हवेत दमटपणा खूप असेल तर फरक थोडा कमी येतो, त्याला घाबरू नका.

आणि गॅस खरंच गेला असेल तर काम कसं व्हायला हवं ते ऐका. उरलेला गॅस काढून घ्यायचा, नळीत नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाच्या पाण्याने जोड तपासायचे, गळती बंद करायची, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढायची आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा. किती ग्रॅम भरायचा हे बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. वजनकाटा सोबत न आणणाऱ्याकडून पूर्ण गॅस भरून घेऊ नका. हे काम नुसत्या टॉप-अपपेक्षा महाग पडतं, पण ते पैसे दुरुस्तीचे असतात. नायट्रोजनऐवजी कोणी ऑक्सिजनचा सिलिंडर जोडायला निघाला तर ताबडतोब थांबवा, आतल्या तेलाशी ऑक्सिजन मिसळून स्फोट होतो. नवीन एसीत बहुधा आर-32 नावाचा गॅस असतो, तो थोडा ज्वलनशीलही आहे. हवेत सुटला तर त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 675 पट उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे ‘थोडासा सोडून देतो’ हेही चालवून घ्यायचं नाही.

वासाचा आणि गॅसचा काही संबंध नाही. कॉइल, त्याखालचा पाण्याचा ट्रे आणि लांबट ब्लोअर (आतला हवा फेकणारा पंखा), इथे ओल आणि धूळ एकत्र बसते आणि बुरशी धरते. वरवर पाणी मारून ब्लोअर साफ होत नाही. तो ट्रेसकट बाहेर काढून धुवायला सांगा, ड्रेन पाइपमधून पाणी सोडून बघायला सांगा. याला वेळ लागतो, मजुरी जास्त मागतील, ती द्या. आईंच्या खोलीसाठी हाच सगळ्यात योग्य खर्च आहे. एसी बंद करण्याआधी थोडा वेळ नुसत्या फॅन मोडवर चालवलात तर कॉइल सुकते. काही मॉडेलमध्ये हे आपोआप होतं.

जाळ्या तुम्हीच धुवा, वापर चालू असताना दर दोन आठवड्यांनी. मेकॅनिककडून आईंच्या खोलीचा वर्षातून दोनदा, हॉलचा उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा. दोन्हीला सारखंच वेळापत्रक लावायची गरज नाही.

हिशेबाची_वही:

कराराबद्दल थोडं. दोन प्रकार असतात. एकात फक्त ठरावीक सर्व्हिसिंग आणि भेटी, दुसऱ्यात सुटे भागही. पहिल्यात बघण्यासारखं एकच, कराराची रक्कम आणि तेवढी सर्व्हिसिंग सुटी करून घेतल्याचा खर्च यातलं कमी काय. तुमचा हॉलचा एसी वर्षातून एकदाच धुवायचा असेल तर त्याला करार परवडणं कठीण.

दुसऱ्यात ‘समाविष्ट नाही’ हा परिच्छेद आधी वाचा. गॅस, कॉइल, पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) तिथे वगळलेले असतील तर महाग पडणाऱ्या गोष्टी तुमच्याच खिशातून जाणार. आणि वॉरंटी अजून चालू आहे का ते पाहा. कॉम्प्रेसरची बऱ्याचदा बाकीच्या मशीनपेक्षा जास्त वर्षांची असते. वॉरंटीत असताना बाहेरच्या माणसाला गॅसचं काम करू दिलं तर पुढे दावा अडकू शकतो.

दुपारची_सावली:

दोघांचेही मनापासून आभार. आज आईच्या खोलीतल्या जाळ्या धुतल्या, राखाडी थर होता. थर्मामीटर लावला, फरक 10 अंशांच्या आसपास आला. म्हणजे गॅस भरायला नको ना? हॉलच्या एसीत मात्र धुतल्यावरही फरक 5 अंशच आहे आणि बाहेरच्या युनिटजवळ नळीच्या नटाला तेलकट डाग दिसतोय.

तांब्याची_नळी:

आईंच्या खोलीत फक्त ब्लोअर आणि ट्रेचं काम करून घ्या, गॅस नाही. हॉलचं तुम्ही अगदी बरोबर पाहिलंत. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं झिरपतं, म्हणून तेलकट डाग ही गळतीची जुनी खूण. त्या डागाचा फोटो काढून ठेवा आणि मेकॅनिकला फोनवरच सांगा, ‘फ्लेअर लीक वाटतोय, नायट्रोजन, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा घेऊन या.’ तो नट नुसता आवळू देऊ नका, जास्त आवळला तर फ्लेअर चिरतो. नळीचं टोक कापून नवीन फ्लेअर करून घ्या. तोवर तो एसी बंद ठेवा. कमी गॅसवर कॉम्प्रेसर तापतो, आणि तो गेला तर खर्च फार मोठा आहे.